बेडकीचे बिघाड

८ जानेवारी, बुधवार

आज गाडी आणली. आमच्या घरातली पहिली गाडी. 'पहिली' हा शब्द या घरात बहुतेक माझ्याच वाट्याला येतो. पहिली पदवीधर, पहिली महिन्याच्या पगाराची बाई आणि, आईच्या मते, मोठ्या माणसांकडे पुरावा मागणारी पहिली कार्टी.

गाडी वापरलेली आहे. पण काय देखणी! फिकट पोपटी अंग, दुधी छत, डोळे वटारल्यासारखे वाटोळे दिवे, कडेने चकचकीत पट्टी. आजोबांच्या काळातली वाटावी म्हणून कारखान्यातच तशी घडवलेली, म्हणजे जुनी दिसणारी नवी गाडी. आता ती खरोखरच जुनी झाली आहे, हे विकणाऱ्याने हसत हसत सांगितलं. तो सगळंच हसत हसत सांगतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजचे मिस्त्री मात्र हसले नाहीत. "ताई, दिसण्यावर जाऊ नका. या गाड्यांचे नखरे फार." मी दिसण्यावर गेले. एकदा तरी जावंसं वाटलं.

बाबांनी आयुष्यभर दवाखान्याची रुग्णवाहिका चालवली. कधी उशीर केला नाही म्हणून तिथे सगळे त्यांना 'घड्याळ' म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी किल्ली परत करून ते पायी घरी आले. त्यांना तसं पायी येताना पाहिलं तेव्हाच मी ठरवलं होतं, यांना अशी एक गाडी आणून द्यायची जिच्यात मागे कोणी कण्हत नसेल.

ते गाडीभोवती फिरले. प्रत्येक चाकाला बुटाच्या टोकाने हळूच डिवचलं. मग समोर उभे राहून म्हणाले, "बेडकी आहे ग ही!" नाव ठरलं.

आई दारातच उभी होती, साडीला शिवणाचे दोरे चिकटलेले. म्हणाली, "आत्ताच कशाला घेतलीस?"

"आत्ता नाही तर कधी?"

"तूच चालवशील ना पण? तू शीक बाई लवकर."

मी म्हटलं, घरात घड्याळ असताना शिकायची कसली काळजी! तिने दोरे झटकले आणि आत गेली. आईला कोणत्याही सुखाची आधी उलटी बाजूच दिसते.

१२ जानेवारी, रविवार

पहिला धडा. मैदानाला गोल गोल फेऱ्या. बाबांसारखा शिक्षक नाही. ते ओरडत नाहीत. "ब्रेक दाबायचा तो मागच्या माणसाच्या पोटाला विचारून," म्हणतात. मी जोरात दाबला की म्हणतात, "गेला पेशंट."

गाडी सुरू करण्याआधी त्यांचा एक नेम असतो. बॉनेट उघडायचं, तेल मोजायची पट्टी ओढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा बुडवून उजेडात धरायची. मग थोडं तेल ओतायचं. तेलाचा डबा त्यांनी स्वतः जाऊन आणला. "इंजिनाला उपाशी ठेवू नये," म्हणाले.

गाडीतच जन्मलेल्या त्या जुळ्यांची गोष्ट त्यांनी आज पुन्हा सांगितली. मैदानावर जाताना एकदा, येताना एकदा. मला ती पाठ आहे, तरी मी दोन्ही वेळा "मग काय झालं?" असं विचारलं. इतका आनंदी चेहरा मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

२७ जानेवारी, सोमवार

पहिला बिघाड. डाव्या दाराची काच आपोआप खाली घसरली ती दाराच्या पोटात गडप. पाऊस नव्हता हे नशीब. हसऱ्याकडे गेले. (विकणाऱ्याला मी आता हसराच म्हणते.) तो म्हणाला, "मॅडम, या मॉडेलचं हे असतंच."

"मग विकताना का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मला असा राग आला! आमच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना खराब निघाला तर ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही कळवावं लागतं. लोक ते पाणी पितात. माणसाने स्वतःहून खरं सांगावं, एवढी साधी अपेक्षा ठेवणं म्हणजे बावळटपणा आहे का?

मिस्त्रींनी काच वर काढून बसवली. पाणी गळत होतं ती नळीही बदलली. "सुरुवात आहे," म्हणाले.

९ फेब्रुवारी, रविवार

बॅटरी उतरली. पुन्हा. मिस्त्रींनी नवी घातली होती तरी. ते म्हणतात बॅटरीत काही खोट नाही, कोणीतरी दिवे चालू ठेवतंय. मी म्हटलं, मी प्रत्येक वेळी तपासते आणि बाबांना तर तुम्ही ओळखता. त्यांनी बॉनेट बंद केलं. मग म्हणाले, "कुठेतरी वायर उघडी असेल. बघतो."

त्यात किल्ली सापडेना. घर पालथं घातलं. शेवटी ती आईच्या शिवणाच्या मशीनच्या खणात, बटणांच्या डब्यात मिळाली. "इथे कशी आली?" म्हटलं. आई म्हणाली, "ठेवली असेल चुकून." आईच्या हातून वस्तू अशा भलत्या जागी जायला लागल्यात, विसरायला होतंय तिला. तिला एकदा डॉक्टरांना दाखवायला हवं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज भर चौकात बेडकीने धूर सोडला. निळसर, घाण वासाचा. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून दमले. एक रिक्षावाला म्हणाला, "ताई, चूल पेटवलीत का?" मला रडू येत होतं आणि बाबा शेजारी बसून म्हणत होते, "जुनी गाडी ग, तिचा काय भरवसा."

मिस्त्रींनी पट्टी ओढून पाहिली आणि माझ्याकडे बघतच राहिले. "ताई, यात तेल किती ओतलंय! दोन गाड्यांना पुरेल. रोज ओततं का कोणी?"

बाबा म्हणाले, "आम्ही तर हातही लावत नाही."

मी म्हटलं, विकताना हसऱ्यानेच भरून ठेवलं असणार, इंजिनाचा खडखडाट दबावा म्हणून. मिस्त्री म्हणाले, "असेल." पटल्यासारखं नाही म्हणाले. मिस्त्री माणूस बरा आहे, पण कोणाला ठणकावून दोष द्यायची त्याच्यात हिंमत नाही. मी हसऱ्याविरुद्ध ग्राहक मंचात जाणार आहे. एकेका बिघाडाची तारीख माझ्याकडे आहे.

बाबा परत येताना खिडकीबाहेर बघत होते. उतरताना एकदम म्हणाले, "मी ओततो का ग तेल?"

मी हसले. म्हटलं, "बाबा, तुम्ही पुसता नुसतं."

६ मार्च, गुरुवार

मोठ्या बाईंनी (आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख) मला पहिल्यांदाच बाहेरच्या टाक्यांचे नमुने आणायला पाठवलं. बाबा म्हणाले, मी नेतो. मागच्या सीटवर बाटल्यांचा खोका, पुढे आम्ही दोघं. केवढी ऐट!

गंमत म्हणजे गावाबाहेरच्या रस्त्याला लागायच्या ऐवजी बाबांनी गाडी थेट जुन्या दवाखान्याच्या फाटकात नेली. पहारेकरी ओळखीचा निघाला. "काय घड्याळ, आज कोणाला आणलंत?" बाबांनी आधी मागच्या सीटकडे वळून बघितलं. मग म्हणाले, "बेडकीला दाखवायला आणलं." सगळे हसले. सवय, दुसरं काय. इतक्या वर्षांचे हात-पाय आपोआप तिकडेच वळणार.

नमुने वेळेत पोचले. मोठ्या बाई माझ्या नोंदी बघून म्हणाल्या, "नमुना खराब आला तर आधी पाण्याला शिव्या देऊ नकोस. बाटली धुतली होती का ते बघ." मी म्हटलं, बाटल्या मी स्वतः धुते.

१९ मार्च, बुधवार

कामावरून आले तर बाबा ओट्यावर बसलेले, शर्ट घामाने भिजलेला. गाडी बंद पडली म्हणून वाटेत सोडून चालत आले होते.

"कुठे सोडलीत?"

"तिथेच. त्या चौकाच्या पुढे."

"कोणत्या चौकाच्या?"

"आता सगळे चौक सारखेच झालेत," म्हणून चिडले. बाबा माझ्यावर चिडत नाहीत कधी. मिस्त्रींच्या स्कूटरवर बसून मी गल्लीन् गल्ली शोधली. बेडकी जुन्या दवाखान्यासमोर मिळाली, दिवे जळत होते आणि दार नीट लावलेलं नव्हतं. मिस्त्रींनी किल्ली फिरवली आणि ती पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्यांनी दोन वेळा बंद करून पुन्हा सुरू केली. "ताई, गाडीला काही झालेलं नाही."

"मग बाबा काय गंमत म्हणून चालत आले?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणता? तुम्हाला दोष सापडत नाही म्हणजे दोष नाही असं थोडंच आहे!"

त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मीच जरा जास्त बोलले. पण एखाद्याला आपलं काम येत नसेल तर त्याने ते मान्य करावं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "विकून टाक ही गाडी." मी म्हटलं, बाबांचं एकमेव सुख आहे ते. आई म्हणाली, "तेच तर," आणि मशीन चालवायला लागली. कापड नव्हतं सुईखाली.

३ एप्रिल, गुरुवार

आज कहर झाला. बाबा एकटेच पेट्रोल भरायला गेले होते. येताना बेडकी गचके देत, धूर ओकत कशीबशी गल्लीच्या तोंडाशी आली आणि मेली. मिस्त्रींनी टाकीचा वास घेतला. "यात डिझेल आहे."

या वेळी मी रडले नाही. टाकीतलं थोडं एका स्वच्छ बाटलीत घेतलं, झाकण घट्ट केलं, चिठ्ठी चिकटवली, तारीख-वेळ घातली आणि बाबांना घेऊन पंपावर गेले. बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "मी पेट्रोलच सांगितलं. मला कळत नाही का?" त्यांना कळत नाही असं कोण म्हणेल!

भरणारी माझ्याच वयाची होती. ती म्हणाली, "साहेब, त्यांनीच सांगितलं डिझेल म्हणून. मी परत विचारलं होतं." मालकाने तिला पुढे बोलूच दिलं नाही. मी बाटली टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "हे दवाखान्याची गाडी चालवायचे. यांच्या हातून अशी चूक होणार नाही." आवाज अजिबात कापला नाही माझा. मालकाने माफी मागितली, टाकी साफ करायचा खर्च कबूल केला.

परत येताना बाबांनी विचारलं, "ती पोरगी खोटं बोलत होती का ग?"

"अर्थात."

"असं?" म्हणाले. मग थोड्या वेळाने, "तिला ओरडू नये कोणी."

केवढं मोठं मन आहे यांचं.

५ एप्रिल, शनिवार

पंपावरून कळलं, त्या मुलीला काढलं. वाईट वाटलं. पण अशी चूक रुग्णवाहिकेच्या बाबतीत झाली असती तर? कोणीतरी कधीतरी जबाबदार धरायलाच हवं. आईला सांगितलं तर ती जेवता जेवता उठली आणि म्हणाली, "तू मला विचारायचं तरी होतंस." आईला गाडीतलं काय कळतं?

२४ एप्रिल, गुरुवार

आज जसं झालं तसं लिहिणार आहे.

टाक्यांच्या दौऱ्यावर होतो. बाबा चालवत होते. रस्त्यातल्या पंपावर थांबलो. बाबांनी काच खाली केली आणि शांतपणे म्हणाले, "डिझेल. टाकी पूर्ण भर."

मला आधी वाटलं माझीच ऐकण्यात चूक झाली. भरणारा म्हणाला, "काका, ही पेट्रोलची गाडी आहे." बाबा म्हणाले, "मला शिकवू नकोस. डिझेल भर."

"बाबा," मी म्हटलं, "पेट्रोल."

ते वळले. माझ्याकडे बघितलं, पण बघताना मला ओळखल्याचं काही त्यांच्या डोळ्यांत नव्हतं. आवाज मात्र अगदी नोकरीतला, दमदार. "बाई, तुम्ही मधे बोलू नका. मागे पेशंट आहे. वेळ घालवू नका."

मागे माझ्या बाटल्यांचा खोका होता.

मी म्हटलं, "बाबा, मागे बाटल्या आहेत." ते मान वळवून मागे बघत राहिले. खूप वेळ. भरणारा तसाच नळी हातात धरून उभा. मग बाबांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी परत आलं, आणि परत आलं ते फार लाज घेऊन आलं. ते दार उघडून उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आले. "तू घे चालवायला. मला जरा चक्कर आल्यासारखं झालं."

मी चालवली. मोठ्या रस्त्याने पहिल्यांदाच, एक चूक न करता. बाबा म्हणाले, "छान शिकलीस." मग डोळे मिटून बसले. झोपले नव्हते.

म्हणजे ती मुलगी खरं बोलत होती.

२५ एप्रिल, शुक्रवार

बाबा अंघोळीला गेल्यावर आईला सांगितलं. तिला धक्का बसेल म्हणून सावकाश, शब्द जुळवत सांगत होते. ती सुईत दोरा ओवत होती. ओवून झाल्यावर म्हणाली, "कळलं का तुला एकदाचं?"

"तुला माहीत होतं?"

"गाडी आणलीस त्याच्या आधीपासून. एकदा चपला घालून बाहेर पडले ते कामावर निघाले म्हणून. मी फाटकातून परत आणलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"गाडी आली त्या रात्री त्यांनी शपथ घातली. म्हणाले, पोरीला कळलं तर ती गाडी परत करील."

म्हणजे बाबांनाही माहीत होतं. काही दिवस तरी, काही वेळा तरी.

आई थांबेना मग. मशीनच्या खणात किल्ली तीच लपवायची. दुपारी मी कामावर असताना बाबा बेडकीत जाऊन बसायचे, दिवे लावून, गाणी लावून, हात स्टिअरिंगवर. "कुठे जायचे नाहीत ग. नुसते बसायचे. हाक मारून आत आणायचा मला धीर व्हायचा नाही. इतके खूष दिसायचे." आणि तेल सकाळी ओतायचे, चहा झाला की पुन्हा ओतायचे, जेवण झालं की पुन्हा. दर वेळी पहिल्यांदाच ओतत असल्यासारखे.

"तू मला निदान त्या पंपाच्या दिवशी—"

"सांगणार होते. तू बाटली घेऊन निघालीस ती ऐकायच्या तयारीत होतीस का?"

नव्हते. मी पुराव्यासकट निघाले होते.

२७ एप्रिल, रविवार

पंपावर गेले. मालकाला सगळं सांगितलं, तिला परत घ्या म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, तिच्या जागी दुसरा आला. आता त्याला काढू का?" ती कुठे राहते विचारलं. ते लोक खोली सोडून गेले म्हणे. कुठे, कोणाला ठाऊक नाही. नवा भरणारा म्हणाला, "चांगली होती. जाताना तुम्हाला फार बोलली." त्याने काय ते सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

मिस्त्रींची मात्र माफी मागता आली. ते म्हणाले, "मला शंका होती, ताई. पण घड्याळाबद्दल असं कोणत्या तोंडाने बोलायचं?" मग दोघंही उगीचच बेडकीच्या चाकाकडे बघत उभे राहिलो.

२ मे, शुक्रवार

डॉक्टरांनी तपासलं. बाबांना चित्रं दाखवली, घड्याळ काढायला सांगितलं. नेमकं घड्याळ! बाबांनी गोल सुरेख काढला. आकडे सगळे एकाच बाजूला.

गाडी चालवणं बंद, आजपासून. हे वाढत जाणार आहे, उलटं फिरणार नाही. आई म्हणाली, किल्ली हरवली म्हणून सांगू. मी नाही म्हटलं. या घरात पुरेसं लपवून झालंय. दवाखान्याच्या दारात बाबांनी किती नातेवाइकांना वाईट बातमी खरीखरी सांगितली असेल. त्यांना खरं ऐकायचा हक्क आहे. उद्या मी सांगणार.

३ मे, शनिवार

सांगितलं. समोर बसून, हात हातात घेऊन, आजाराच्या नावासकट. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग खिशातून किल्ली काढली, रुमालाने पुसली, माझ्या तळहातावर ठेवली. "बरोबर आहे तुझं. डोकं ठिकाणावर नसलेल्याच्या हातात गाडी देऊ नये. मी स्वतः एका ड्रायव्हरची तक्रार केली होती." मग न्हाणीघरात गेले. नळ बराच वेळ सुरू होता.

मला वाटलं, अवघड होतं पण नीट झालं. अभिमान वाटला त्यांचा. माझाही वाटला, आता लिहिताना लाज वाटते.

४ मे, रविवार

सकाळी फडकं खांद्यावर टाकून आले. "किल्ली कुठेय ग? बेडकीचं तेल बघायचंय."

मी पुन्हा सांगितलं. तेच शब्द. त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. या वेळी किल्ली काढून द्यायला खिशात हात घातला तर खिसा रिकामा. तो चाचपत राहिले. "कोण म्हणतं मला काही झालंय? तू? तुला मी सायकल शिकवली!"

मग रडले. बाबांना रडताना मी पाहिलं नव्हतं.

५ मे, सोमवार

आज पुन्हा. आज रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मला कोणी आधी का नाही सांगितलं?"

मी कामावर जायला निघाले तेव्हा आई फाटकापर्यंत आली. ती आवाज चढवत नाही, आजही चढवला नाही. "तुझं खरं बोलणं मला मान्य आहे. पण तू एकदा सांगतेस आणि त्यांना रोज नव्याने कळतं. रोज सकाळी तोंड धुऊन येतात नि तू तेच त्यांच्या पुढ्यात टाकतेस. किती वेळा मारशील त्यांना?"

बस चुकली. पुढची येईपर्यंत थांब्यावर उभी राहिले आणि दिवसभर एकही नोंद नीट झाली नाही.

६ मे, मंगळवार

फडकं खांद्यावर. "किल्ली कुठेय ग?"

मी म्हटलं, "बाबा, गाडी बंद पडलीय."

आयुष्यात इतक्या सहज मी कधी खोटं बोलले नव्हते.

त्यांचा चेहरा पडला नाही. उलट डोळे चमकले. "काय झालं? मिस्त्रीला काही कळत नाही. बॉनेट उघड."

२० मे, मंगळवार

बेडकी आता ठणठणीत आहे. मिस्त्रींनी टाकी, तेल, काच, सगळं केलं. म्हणतात, अशी कधीच पळाली नसेल. त्यांनीच आतला कुठलासा एक तुकडा काढून माझ्या हातात दिला, बोटाच्या पेराएवढा. तो नसला की ती सुरू होत नाही. तो माझ्या पर्समध्ये असतो. मला गाडी उत्तम चालवता येते आणि मी बसने जाते. एकदा जरी ती बाबांसमोर सुरू झाली, तर मला पुन्हा सगळं सांगावं लागेल.

हसऱ्याविरुद्ध मंचात गेले नाही. कशाच्या जोरावर जाणार? काच आणि गळणारं पाणी एवढेच काय ते बेडकीचे गुन्हे.

११ जून, बुधवार

सुट्टी घेतली होती. सकाळभर बाबांबरोबर बेडकीपाशी होते. ते बॉनेटमध्ये वाकलेले, मी पाने-पक्कड हातात देत होते. तेलाचा डबा आईने आता पाण्याने भरून ठेवलाय आणि मिस्त्रींनी इंजिनाचं झाकण असं घट्ट बसवलंय की बाबांना ते उघडत नाही. "हेही गंजलं," म्हणतात.

आज मला त्यांनी दोनदा नावाने हाक मारली. मधेच एकदा विचारलं, "तुम्ही दवाखान्यात नव्या आलात का?" मी हो म्हटलं. मग थोड्या वेळाने पुन्हा मी मुलगी झाले.

ऊन चढलं. आईने सावलीत खुर्ची आणून ठेवली, पण ते बसले नाहीत. किल्ली फिरवून बघ म्हणाले. मी आत बसून फिरवली. काहीच झालं नाही. बाबांनी कान लावला, मान हलवली. पुन्हा फिरवायला लावली. मग फडक्याने हात पुसत खिडकीशी आले, आत वाकले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला वंगणाचा वास होता.

"फसवलं ग तुला त्या माणसाने."

"हो, बाबा."

"एवढी शिकलीस. घरात कोणी शिकलं नाही एवढी शिकलीस. पण गाडी पारखता आली नाही तुला."

"नाही आली, बाबा."

"असू दे. रडतेस काय! गाडीच आहे ती. मी आहे ना," म्हणाले, आणि पुन्हा बॉनेटकडे गेले.